न मोडलेली भाकर

साळवी काका चहासुद्धा हलवून प्यायचे. कप हातात आला की तो बशीवर हळूहळू गोल फिरवायचा, आत डोकावून बघायचं आणि मगच पहिला घोट घ्यायचा. पाळी गावच्या खाणीवर दवाखाना होता, तिथे ते जन्मभर कंपाउंडर. औषधाच्या बाटल्या हलवून हलवून हाताला लागलेली ती खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्या सासूबाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "साळवीबाब, साकर केन्नाच विरगळली." ते ओशाळून हसायचे, पण पुढच्या चहाला कप पुन्हा गोल फिरायचा. "तळाक रवता तांच बाधता, माई," असं वर ऐकवायचे.

त्यांचं पूर्ण नाव शांतवन साळवी. मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीच्या नोकरीपायी गोव्यात, डिचोलीत आले आणि इथलेच झाले. आमच्या डिचोलीत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मोठ्या पांढऱ्या चर्चचे कॅथलिक आठवतात. काकांची मंडळी वेगळी. मराठीत प्रार्थना करणारी, झांजा-तबल्यावर भजनासारखी स्तोत्रं गाणारी, मूठभर घरं. सावंतवाडी, वेंगुर्ला, कोल्हापूर अशा ठिकाणांहून खाणींवर आणि ट्रकांवर कामाला आलेले लोक. त्यांची दर आयतारची, म्हणजे रविवारची, उपासना व्हायची आमच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर. पूर्वी तिथे ट्रकांचे टायर ठेवलेले असायचे. टायर गेले, पण त्यांचा वास काही गेला नाही, आणि त्या वासात ही माणसं डोळे मिटून बसायची. माळ्याचा जिना आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जायचा, त्यामुळे कोण हसत वर गेलं आणि कोण तोंड पाडून खाली आलं, ते मला फोडणी देता देता कळायचं.

काका या मंडळीचे वडील. म्हणजे कुणाचे बाप या अर्थी नव्हे. त्यांच्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या जाणत्या माणसाला वडील म्हणतात. पाळक, म्हणजे धर्मकृत्यं करणारा माणूस, बेळगावहून महिन्यातून एकदा यायचा. एरवी सगळं काकांवर. असा माणूस पुढे बसेल असं आपल्याला वाटतं. काका बसायचे सगळ्यांत मागे, दाराला लागून, चपलांच्या ढिगापाशी. मी एकदा विचारलं, "काका, मान तुमचा आणि जागा चपलांत?" तर म्हणाले, "वहिनी, रागान उठान जाणारो मनीस पुढच्या भिंतीतून जाणा नाय. तो दारातूनच जातलो मां? मगे माका थंयच बसाक होया."

आणि खरोखर, कुणी रागाने उठलं की काका त्याच्या मागून जिना उतरायचे. समजूत घालायची नाही, उपदेश करायचा नाही. बसस्टँडपर्यंत सोबत चालायचं, चहा पाजायचा, आणि निघताना आपली छत्री त्याच्या हातात द्यायची. मार्गशीर्षातल्या कोरड्या उन्हातसुद्धा. छत्री परत करायला माणूस पुढच्या आयतारी यायचाच. काकांच्या छत्रीने डिचोली तालुक्यातली जितकी गावं बघितली असतील तितकी मी बघितलेली नाहीत.

भांडणं त्यांच्यातही होती. आम्ही तरी कुठे मोठे शहाणे? आमच्या देवळात पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून महाजनांनी वर्षभर तोंडं फिरवलेली मी बघितली आहेत. पण काकांनी भांडणासाठी दोन नियम करून ठेवले होते. पहिला असा, की आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं, आणि ते इतकं नीट सांगायचं की त्याने "होय, असांच" म्हणून मान हलवली पाहिजे. तोपर्यंत आपली पाळी नाही.

दुसरा नियम आमच्या स्वयंपाकघरात पाळला जायचा. महिन्याच्या पहिल्या आयतारी त्यांचं प्रभुभोजन असतं. एक भाकर मोडून सगळ्यांनी तिचा तुकडा खायचा, एका प्याल्यातला घोट घ्यायचा. त्यांच्या सगळ्या धर्माचा गाभाच म्हणा. ही भाकर पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेली काकांना चालायची नाही. ती शनिवारी संध्याकाळी मंडळीतल्या दोघांनी मिळून मळायची, आणि ते दोघे कोण, तर त्या महिन्यात ज्यांचं वाजलं असेल ते. माळ्यावर चूल नव्हती, म्हणून काका पहिल्यांदा तवा मागायला आले तेव्हा सासूबाई घुटमळल्या होत्या. त्यांच्या देवाची भाकरी आपल्या तव्यावर कशी? मग त्यांनीच तोड काढली. बाजारातून एक नवा तवा आणवला, त्याला वेगळा खिळा ठोकला, आणि मला बजावलं की याच्यावर चुकूनसुद्धा आपलं काही भाजायचं नाही. "त्यांचें तें त्यांचें," त्या म्हणाल्या. मला वाटतं, काकांचा धर्म आमच्या घरात सगळ्यांत आधी त्यांनाच कळला.

ही माणसं भांडायची कशावरून, त्याचा एक किस्सा सांगते. गणपतीच्या चवथीनंतरच्या आयतारी सासूबाई माळ्यावर नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट धाडायच्या. वर्षानुवर्षं ते ताट पुसून खाली यायचं. एका वर्षी ते तसंच भरलेलं खाली आलं. झालं होतं असं, की मंडळीत जोएल नावाचा तरुण नवा आला होता. पेडण्याचा, आधी मालाच्या ट्रकवर, खाणी बंद पडल्यावर टॅक्सीवर. जन्माने ख्रिस्ती नव्हे. मोठा होऊन, आपल्या मनाने आलेला. तो म्हणाला, मूर्तीपुढे ठेवलेलं मी खाणार नाही. त्यावर रणदिवे मास्तर उसळले. हे निवृत्त शाळामास्तर, कोल्हापूरकडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले, बोलणं पुस्तकासारखं. "शेजारणीनं प्रेमानं ताट पाठवलंय. त्यात काय आहे ते बघायला आपण दुर्बीण घेऊन बसायचं का?"

काकांनी दोघांना खाली आमच्या ओटीवर आणून बसवलं. "मास्तर, आता जोएलाचां म्हणणां तुमी सांगा."

मास्तरांनी घसा साफ केला. "जोएलचं म्हणणं असं, की मूर्तीला वाहिलेलं खाल्लं तर देवाचा अपमान होतो."

जोएलने मान हलवली नाही.

"मग तुझं म्हणणं, की नव्या माणसांसमोर वाईट उदाहरण जातं."

मान याही वेळी हलली नाही. मास्तर चिडले. तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "देवाचां आणि लोकांचां काय नाय, मास्तर. माका माजांच भेव वाटता. लहानपणी मी देवळात ढोल वाजवी. नेवऱ्यांचो वास इलो की माका परत जावंसां वाटता."

मास्तरांनी आपल्या हाताने ताटावर फडकं घातलं आणि म्हणाले, "तसं असेल तर मलाही नको."

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण भरलेलं ताट परत गेलं याचं काकांना वाईट वाटत राहिलं. पुढच्या वर्षी चवथीच्या आधी ते सासूबाईंकडे आले आणि भाबडेपणाने म्हणाले, "माई, नैवेद्य दाखवच्या आदी आमच्यासाठी थोडे बाजूक काढून ठेवशात? म्हणजे सगळ्यांकच खावक येतले."

सासूबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं. "म्हणजे देवाच्या आदीं तुमी जेवतले?"

काकांना आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. एकाचं मन राखायला गेले आणि दुसऱ्याच्या देवाआधी पंगतीला बसले! त्यांनी दोन्ही हात जोडले, "चुकलंय माई, चुकलंय," म्हणत उंबऱ्याबाहेर गेले. सासूबाई दिवसभर धुसफुसल्या. आणि विसर्जन झाल्यावर, मखर उतरल्यावर, पुन्हा सारण करून, मुद्दाम वेगळ्या नेवऱ्या तळून त्यांनी ताट वर धाडलं. "सांग तांकां, ह्यो खंयच दाखवूंक नात," म्हणाल्या. त्या जाईपर्यंत दर वर्षी आमच्याकडे नेवऱ्या दोनदा तळल्या गेल्या. जोएल सगळ्यांत जास्त खायचा.

हाच जोएल पुढे काकांचा जावई झाला. करुणा ही काकांची आणि एस्तेर काकूंची एकुलती एक मुलगी. लग्नात रणदिवे मास्तरांनीच प्रार्थना म्हटली. ते दिवस फार चांगले गेले, म्हणून पुढचं सांगताना माझा हात आखडतो.

वाद आला तो बाप्तिस्म्याचा. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने मंडळीत घेण्याचा विधी. रणदिवे मास्तर आणि जुनी घरं मानत, की बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं की झालं. आईबापांच्या विश्वासावर देव त्या बाळाला आपलं म्हणतो, आणि ते जन्मभराचं. जोएलला वाटे, बाळाला काय कळतं? माणसाने मोठं होऊन, समजून, स्वतः पाण्यात उतरायचं, अख्खं बुडून वर यायचं, तोच खरा. त्याच्या मागे तरुण घरं होती. मी त्यांना मनातल्या मनात शिंपडलेले आणि बुडवलेले अशी नावं ठेवली होती. एकदा काकांसमोर बोलूनही गेले, "मला तर दोन्हीकडे पाणीच दिसतं."

काका हसले नाहीत. "इतक्या सोपा नाय, वहिनी," म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं, की ते तान्हे असताना तापाने फणफणले होते. जगतील असं कुणाला वाटत नव्हतं. त्यांच्या आईने त्यांना तसंच उचलून पाळकाकडे नेलं, डोक्यावर पाणी घालून घेतलं. पोर जगलं. त्याच तापाने आई गेली. "तिचो फोटो नाय, लुगडां नाय, काय नाय. तिणां माका दिलेला तितक्याच. तां पाणी खोटां, असां मी कसां म्हणू? आणि जोएल खोटो असांय माका म्हणाक येणा नाय. तो खंयसून चलत इलो तां मी बघलंय."

करुणेने नवऱ्याच्या बाजूने कौल दिला. काकांनी स्वतः पुढे होऊन तान्हेपणी जिच्या डोक्यावर पाणी घालून घेतलं होतं, ती त्यांची लेक म्हणाली, तो माझा बाप्तिस्मा नव्हताच. मी परत घेणार.

नदीवर करायचा तर बघे जमतील, चार तोंडं चार गोष्टी बोलतील, म्हणून जोएलने पाळीजवळचा बंद खाणीचा खड्डा ठरवला. पाणी साचून त्याचं मोठं तळं झालं आहे. वरून हिरवंनिळं, सुंदर दिसतं. पण खोदताना पाडलेल्या पायऱ्या पाण्याखाली तशाच आहेत. एका पायरीवर पाणी छातीपर्यंत, आणि पुढचं पाऊल टाकलं की तळ नाही. तिथे बुडालेल्यांना काकांनी दवाखान्यात आणलेलं बघितलं होतं. त्यांनी जोएलला परोपरीने सांगितलं, दुसरी जागा बघ. जोएलला वाटलं, सासरे मोडता घालतायत. तो हटला नाही.

त्या सकाळी एस्तेर काकूंनी मला सोबत म्हणून जीपमध्ये घेतलं. त्या जीपमधून उतरल्याच नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणत राहिल्या, "माज्या लेकराक मी एकदा भिजवन दिलंय. आता परत कित्याक गो?"

मी कडेपर्यंत गेले. बघते तर काका पाण्यात! काठीने चाचपत चाचपत ते पायरीच्या शेवटच्या टोकापर्यंत गेले होते आणि खोल पाण्याकडे पाठ करून, छातीभर पाण्यात, हात पसरून उभे होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "माज्या फुडे कोणी येवचां नाय," एवढंच त्यांनी मोठ्याने सांगितलं. जोएलने आणलेला उपदेशक एकेकाला पाण्यात बुडवून वर काढत होता आणि ज्याला हे सगळं मान्य नव्हतं तो म्हातारा त्यांची कड राखत उभा होता. करुणेची पाळी आली. ती बुडाली, वर आली. पांढरा ड्रेस खाणीच्या मातीने लालभडक झालेला. ती बापाकडे वळली, तिला काहीतरी बोलायचं होतं. काकांनी डोक्यावरचा टॉवेल सोडला आणि तिचं तोंड पुसलं. "डोळे मीट. माती जायत," म्हणाले.

परतताना मी विचारलं, "काका, तुम्हाला हे पटत नाही ना? मग कशाला उभे राहिलात?"

ते थंडीने कुडकुडत होते. "पटणा नाय म्हणान बुडाक देवची काय पोरां?" म्हणाले.

हे सगळं ऐकून रणदिवे मास्तर काकांच्या घरी आले. ते दुष्ट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांना लागलं होतं. "साळवी, करुणेच्या बाप्तिस्म्याला मी साक्षीला उभा होतो. आज ती म्हणते तो झालाच नाही. मग मी तिथे काय करत होतो? ज्याला देवाचं दान नाकारायचंय त्यानं देवाच्या मेजावर कशाला बसावं?" तिकडे जोएलचं म्हणणं, ज्यांचा खरा बाप्तिस्माच झालेला नाही त्यांना भाकर द्यायची कशी? काका दोघांना एकच विनवत होते. पाण्याबद्दल आपलं एकमत नाही, नसूदे. ज्याचं त्याने आपल्या देवाला सांगावं. पण भाकर एक राहूदे. मेज एक राहूदे.

शेवटी त्यांनी दोघांना आमच्या ओटीवर बसवलं आणि आपला जुना नियम लावला. मी आत होते, सगळं ऐकत होते. मास्तरांनी जोएलचं म्हणणं सांगितलं, इतकं सुरेख की खुद्द जोएलला तसं कधी सांगता आलं नसतं. जोएलने मान हलवली. मग जोएलने मास्तरांचं सांगितलं, त्यांच्या आजोबांपासून, सगळं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनीही मान हलवली. मला वाटलं, सुटलं. मी चहाचं आधण ठेवलं. आणि दोघे उठले, एकमेकांना नमस्कार करून दोन दिशांना गेले. एकमेकांचं त्यांना पुरतं कळलं होतं आणि तरीही कुणाला जागचं हलता येत नव्हतं. काकांच्या नियमात यापुढचं काही सांगितलेलं नव्हतं. ते ओटीवर बसून राहिले, मी दिलेला चहा न हलवताच प्यायले.

तो प्रभुभोजनाआधीचा शनिवार होता. संध्याकाळी काका परातीत पीठ घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. दोघांना निरोप गेलेले होते. मी तवा काढून ठेवला. दिवेलागण झाली, तुळशीपाशी दिवा लावून मी परत आले तरी काका पिठासमोर तसेच. कुणी आलं नाही. मला बघवेना. म्हटलं, "द्या इकडे, मी मळते."

"तुमच्या हातची गोडच जातली, वहिनी. पण ती तुमची भाकर."

"मग तुम्ही मळा."

"एकट्यान मळली तर ती माजी. मंडळीची खंय?"

त्यांनी पीठ परत डब्यात ओतलं, परात पुसली. पाळक बेळगावहून आले, दोन्हीकडचं ऐकून घेतलं, प्रार्थना करा म्हणाले आणि दुपारच्या बसने परत गेले. त्यांना परत जाता येत होतं.

मंडळीचे दोन भाग झाले. सकाळी मास्तरांची उपासना, दुपारी जोएलची. जोएल दुसरी जागा बघत होता, पण काकांनी त्याचे हात धरले. "जिनो तरी येकच रवांदे," म्हणाले. त्यांची तेवढी एक गोष्ट दोघांनी ऐकली. पहिल्या आयतारी सकाळी एक भाकर मोडायची, दुपारी दुसरी. एस्तेर काकू सकाळी जायच्या, करुणा दुपारी. काका दोन्ही वेळा जायचे, दाराजवळ बसायचे, दोन्हीकडे गायचे. पण भाकरीचं ताट समोर आलं की ते दोन्ही हातांनी धरून पुढच्या माणसाकडे द्यायचे. त्यांनी स्वतः तुकडा उचलला नाही, सकाळीही नाही, दुपारीही नाही.

ख्रिस्ती माणसाला हे काय असतं ते मला पुढे एस्तेर काकूंनी सांगितलं. रडत सांगितलं. आपल्याकडे एखाद्याने आयुष्यभर देवळात जाऊन गाभाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, तसं. मी चिडले. काकांना गाठून म्हटलं, "कुणाची तरी घ्या. ते दोघे मजेत जेवतात आणि उपाशी तुम्ही!"

"भूक आसा मां वहिनी. मस्त भूक आसा. पण मी जेवलंय तर सगळ्यांक वाटात, जेवान झालां. झालां नाय हां. अर्धी मनसां अजून येवची आसत."

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. काकांचे पाय सुजायला लागले, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं, ते चढतच राहिले. मास्तर एकदा काकांच्या घरी आपली भाकर घेऊन आले, म्हणाले, साळवी, आता तरी. जोएलही आला, वेगळ्या दिवशी. काकांनी दोघांना जवळ बसवलं, ख्यालीखुशाली विचारली, भाकरीला हात लावला नाही. मग करुणा आली. "बाबा, माज्या हातान तरी खावा," म्हणाली. मी तिथे होते. काकांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुज्या हातान पेज दी गो बाय. ती खातंय." तिने पेज भरवली. खाली सांडलेली पुसायच्या निमित्ताने ती किती वेळ वाकून बसली होती.

ते गेले तेव्हा मला वाटलं होतं, निदान आता. कबरीपाशी एका बाजूला मास्तर, एका बाजूला जोएल. एकाची प्रार्थना झाली, मग दुसऱ्याची झाली. दोघेही हुंदके देत होते आणि दोघांचं आमेन वेगवेगळ्या वेळी आलं. मला इतका राग आला की माती द्यायला मी पुढे झाले नाही. आजही आयतारी सकाळी काही माणसं आमचा जिना उतरतात आणि दुपारी दुसरी चढतात. चांगली माणसं आहेत. आमच्या घरी कुणी आजारी पडलं तर दोन्हीकडची विचारपूस करायला येतात.

काका गेले त्याच आठवड्यातला, ते जाण्याआधीचा आयतार मला आठवतो. महिन्याचा पहिला आयतार होता. दुपारची उपासना संपली, सगळे खाली उतरले, काका उतरले नाहीत. करुणा जोएलसोबत टॅक्सी आणायला गेली होती. मला काळजी वाटली, मी वर गेले.

माळा रिकामा होता. काका दाराजवळ नव्हते. ते पुढे, मेजापाशी उभे होते. मेजावरची चादर सकाळपासून तीच होती, कुणी झटकली नव्हती. सकाळची भाकर तिच्यावर मोडली होती, दुपारचीही. काका बोटांनी चादरीवरचा चुरा गोळा करत होते. मेजाच्या या कडेचा, त्या कडेचा, घडीत अडकलेला. सगळा त्यांनी आपल्या तळहातावर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"वहिनी, बघा," म्हणाले. "ह्येतलो सकाळचो खंयचो आणि दुपारचो खंयचो, तां माका वळखाक येणा नाय."

चिमूटभर होता. मी म्हटलं, "काका, खा आता. दोन्हीकडचं आहे. खा. इथं कुणी बघत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तांच मां, वहिनी. कोणच बघणा नाय."

किती तरी वेळ ते तसेच उभे होते, तळहात तोंडाजवळ आला होता. मग त्यांनी हात खाली घेतला, चुरा परत चादरीवर ठेवला, चादरीची चारही टोकं आत दुमडली. मला म्हणाले, "हात देशात काय जरा?"

मी हात दिला. जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते. शेवटच्या पायरीवर दम घेऊन म्हणाले, "आणिक एक आयतार बघूया."